निन्टेंडो ६४ ला आणखी काय जोडता आलं असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गेम कन्सोलचा, त्यातही निन्टेंडो ६४ चा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच, "यात नुसती सीडी असती ना, तर प्लेस्टेशनचं काही खरं नव्हतं." कोणाला दुप्पट वेगाचा प्रोसेसर हवा असतो, कोणाला सोळा एमबी रॅम. यातल्या काही कल्पना अगदी पटण्यासारख्या आहेत, काही ऐकायला छान पण कामाच्या नाहीत, आणि एक-दोन तर निन्टेंडोने स्वतःच करून पाहिल्या आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

मूळ यंत्रात नेमकं काय होतं?

निन्टेंडो ६४ जपानमध्ये २३ जून १९९६ ला आला, अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरात आणि युरोपात मार्च १९९७ मध्ये. मुख्य प्रोसेसर एनईसीचा व्हीआर४३००, वेग ९३.७५ मेगाहर्ट्झ. त्याच्या जोडीला सिलिकॉन ग्राफिक्सने आखलेली 'रिअॅलिटी कोप्रोसेसर' ही चिप, ६२.५ मेगाहर्ट्झची. आरसीपी म्हणतात ती हीच. तिचे दोन भाग. आरएसपी दृश्य ज्यांनी बनतं त्या त्रिकोणांचं गणित करतो आणि वेळ मिळेल तसा आवाजही तयार करतो. आरडीपी त्या त्रिकोणांचे पिक्सेल रंगवतो. मेमरी ४ एमबी, रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅम जातीची.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत. या यंत्रात चित्रासाठी वेगळी मेमरी नाही, आवाजासाठीही नाही. खेळाचा कोड, टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवायची चित्रं), त्रिकोणांच्या याद्या, तयार होत असलेलं चित्र, खोलीची नोंद ठेवणारा झेड-बफर, आवाजाचे नमुने, सगळं त्याच ४ एमबीमध्ये राहतं.

मग खरी अडचण कुठे होती? ४ एमबी कमी पडत होते का?

पडत होते, पण ती दुय्यम अडचण. खरी अडचण त्या ४ एमबीपर्यंत पोहोचण्याची होती.

कागदावर आरडीरॅमचा वेग भलताच होता, सेकंदाला ५०० एमबी. तेव्हाच्या घरगुती यंत्रासाठी हा आकडा डोळे दिपवणारा होता. पण वेग म्हणजे एकदा डेटा वाहायला लागल्यावर तो किती भराभर येतो, आणि विलंब म्हणजे मागितल्यापासून पहिला तुकडा हाती पडेपर्यंत किती थांबावं लागतं. आरडीरॅमचा पहिला आकडा उत्तम आणि दुसरा वाईट. चाळीतल्या सामाईक नळासारखं समजा: पाणी सुटलं की धार जोरदार, पण प्रत्येकाने तांब्याभरच घ्यायचं आणि दर वेळी नळ बंद करून पुन्हा सोडायचा, तर सकाळ रांगेतच जाणार.

रांगेत कोण कोण असायचं ते पाहा. प्रोसेसर थेट मेमरीला हात लावू शकत नाही, त्याला आरसीपीमार्फतच जावं लागतं. आरएसपी आपला डेटा ने-आण करतो. आरडीपी प्रत्येक पिक्सेलसाठी येतो. तयार चित्र टीव्हीकडे पाठवणारा भाग सतत वाचत असतो, आवाजाचा भाग वाचत असतो, कार्ट्रिजमधून, म्हणजे खेळाची चिप असलेल्या डबीतून, येणारा मालही याच वाटेने आत येतो.

थोडा हिशेब करू. ३२० × २४० म्हणजे ७६,८०० पिक्सेल. एका पिक्सेलला झेड वाचायला २ बाइट, झेड लिहायला २, रंग लिहायला २ आणि कडा गुळगुळीत करायला जुना रंग वाचायचा तर आणखी २, म्हणजे ८ बाइट. एकावर एक येणाऱ्या वस्तूंमुळे प्रत्येक पिक्सेल सरासरी तीनदा रंगवला जातो असं धरलं, तर एका चित्राला सुमारे १.८ एमबी आणि सेकंदाला ३० चित्रांना ५५ एमबी. ५०० समोर ५५ किरकोळ वाटतात. पण ही सगळी ये-जा तुकड्या-तुकड्यांची असते, क्षणात झेड-बफरकडे, क्षणात रंगाच्या बफरकडे. आरडीरॅमच्या एका बँकेत, म्हणजे मेमरीच्या एका गटात, एका वेळी एकच ओळ उघडी राहते. दोन्ही बफर एकाच बँकेत असतील तर प्रत्येक फेरीला आधीची ओळ बंद, नवी उघड. कागदावरचे ५०० एमबी इथेच विरतात.

म्हणून पुढे कुठलीही सुधारणा सुचवली की मी आधी हेच विचारतो: रांग कमी होते का?

चित्र धूसर दिसायचं ते ४ केबीच्या टेक्स्चर मेमरीमुळे ना? ती १६ केबी असती तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तक्रार रास्त आहे. आरडीपीला टेक्स्चर वापरायचं तर ते आधी चिपवरच्या टीएमईएम नावाच्या ४ केबीच्या जागेत आणावं लागतं. १६ बिट रंगाचं ६४ × ३२ आकाराचं टेक्स्चर आणलं की जागा संपली. ३२ बिट रंगाचं हवं असेल तर ३२ × ३२ वरच थांबायचं. रंगतक्ता वापरून चित्र लहान करायचं म्हटलं तर अर्धी जागा त्या तक्त्याकडे जाते आणि चित्राला २ केबी उरतात. मिपमॅप (दूरच्या वस्तूंसाठी त्याच चित्राच्या लहान प्रती) वापरले तरी तसंच. मोठ्या भिंतीवर एवढंसं चित्र ताणून बसवायचं आणि वर फिल्टर लावायचा, तर ते धूसर दिसणारच.

१६ केबी असते तर १६ बिट रंगाचं १२८ × ६४ चं टेक्स्चर एका दमात बसलं असतं. भिंती, जमीन, चेहरे नक्कीच उजळले असते. एकच टेक्स्चर पुन्हा पुन्हा आणावं लागलं नसतं, म्हणजे रांगेवरचा थोडा भारही हलका झाला असता. त्यामुळे ही सुधारणा माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे.

पहिल्या क्रमांकावर का नाही? एक तर मोठी टेक्स्चर ठेवायची कुठे? ८ किंवा १२ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये चौपट आकाराची चित्रं मावणार नव्हती. टीएमईएम वाढली की कार्ट्रिज वाढवा, कार्ट्रिज वाढलं की किंमत वाढवा. दुसरं, धूसरपणाचा सगळा दोष टीएमईएमवर टाकणं अन्यायाचं आहे. आरडीपी तीन बिंदूंचं फिल्टर लावतो, त्यावर कडांचं गुळगुळीतीकरण येतं आणि शेवटी टीव्हीकडे चित्र पाठवणारा भागही आपल्या परीने पिक्सेल मिसळतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते खपून जायचं. आजच्या पडद्यावर मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं.

शिवाय ४ केबीच्या चौकटीतही मोठी चित्रं दाखवता येतात, फक्त तुकडे करून, एकेक तुकडा आणून रंगवावा लागतो. जेम्स लॅम्बर्ट या प्रोग्रॅमरने अलीकडे खऱ्या निन्टेंडो ६४ वर प्रचंड आकाराची टेक्स्चर हप्त्याहप्त्याने आणून दाखवली. ते पाहिल्यावर ४ केबीला शिव्या घालताना जीभ जरा अडखळते.

प्रोसेसर दुप्पट वेगाचा असता तर?

ही कल्पना निम्मी खरी करता येते. व्हीआर४३०० चा वेग म्हणजे आरसीपीच्या ६२.५ ला दीडने गुणून आलेला आकडा. हा गुणक चिपच्या दोन पायांवरून ठरतो. पाय उचलून जोडणी बदलली की गुणक २ होतो आणि वेग १२५ मेगाहर्ट्झ. हौशी लोक हे करतात आणि बऱ्याच यंत्रांवर ते चालतंही. ३ चा गुणक लावून १८७.५ गाठायचा प्रयत्नही लोकांनी केला आहे, पण तिथे स्थिरतेची खात्री नाही.

फरक पडतो तो मोजक्याच ठिकाणी. 'गोल्डनआय' किंवा 'परफेक्ट डार्क' सारख्या खेळात स्फोट, शत्रू आणि काचा एकदम आल्या की थोडी मोकळीक जाणवते. जिथे आरडीपी किंवा मेमरी अडलेली आहे तिथे काही होत नाही, प्रोसेसर फक्त जास्त वेगाने वाट बघतो. त्याच्यापाशी सूचनांसाठी १६ केबी आणि डेटासाठी ८ केबी कॅशे, म्हणजे आतली छोटी जलद मेमरी, आहे. तिथे हवं ते नसलं की जायचं त्याच रांगेत. कॅशेची दुसरी पातळी जोडावी म्हटलं तर या चिपला ती सोयच नव्हती.

आणखी एक गोम आहे. प्रोसेसरमधला काउंट रजिस्टर, म्हणजे ठोके मोजणारा कप्पा, प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालतो. त्यावरून वेळ मोजणारा खेळ नव्या वेगावर गोंधळू शकतो. म्हणजे १९९६ मध्ये वेग जास्त असता तर गोष्ट वेगळी, कारण खेळ त्याच हिशेबाने लिहिले गेले असते. आता वाढवणं ही मात्र तडजोड आहे.

मजेची गोष्ट अशी की 'सुपर मारिओ ६४' च्या जपानी आणि अमेरिकी आवृत्त्या कंपायलरचं (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचं) वेग वाढवणारं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून तयार केल्या होत्या. कोडची उलट बांधणी झाली तेव्हा ते उघड झालं. मेगाहर्ट्झ मागायच्या आधी हातात होते तेच पुरते वापरले गेले नव्हते.

एक्सपान्शन पॅक ही खरीच आलेली सुधारणा होती. तिने काय साधलं?

१९९८ मध्ये आलेल्या या लाल झाकणाच्या तुकड्याने मेमरी ४ वरून ८ एमबी झाली. 'डाँकी काँग ६४' आणि 'मेजोराज मास्क' त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. 'परफेक्ट डार्क' मध्ये त्याच्याशिवाय अगदी थोडे भाग खेळता येतात. बाकी काही खेळांनी त्याचा उपयोग चित्राचं रिझोल्युशन वाढवायला केला.

इथेच गंमत झाली. ६४० × ४८० म्हणजे पिक्सेल चौपट. १६ बिट रंगात एका चित्राला ६०० केबी लागतात. तीन चित्रं आणि एक झेड-बफर धरला तर जवळजवळ अडीच एमबी. पॅकमुळे ते मावलं, पण रस्ता तेवढाच अरुंद राहिला. म्हणून कित्येक खेळांत 'हाय-रेझ' चालू केलं की चित्र स्वच्छ आणि खेळ अडखळता. पिक्सेल चौपट करायचे तर रस्ताही रुंद करायला हवा होता.

तरीही पॅकने एक छुपा फायदा दिला, आणि तो बऱ्याच उशिरा लोकांच्या लक्षात आला. मेमरी वाढली तशा बँकाही वाढल्या. रंगाचा बफर एका बँकेत, झेड-बफर दुसरीत, कोड तिसरीत असं नीट वाटून ठेवलं की ओळी उघडण्या-मिटण्याचा खोळंबा कमी होतो. 'सुपर मारिओ ६४' चं इंजिन वर्षानुवर्षं घासूनपुसून वेगवान करणाऱ्या काझे एमानुआरने आपल्या व्हिडिओंमध्ये हे सविस्तर समजावलं आहे. म्हणजे पॅकचा खरा फायदा अंतर्गत व्यवस्थेत होता. तेव्हाच्या बहुतेक खेळांनी मात्र तो नुसती जागा म्हणूनच वापरला.

१६ किंवा ३२ एमबीचा पॅक बनवता येईल का?

१६ पर्यंत कल्पनेत तरी जाता येतं. आरएसपीचा डेटा हलवणारा भाग, चित्र दाखवणारा भाग, आवाजाचा भाग, सगळे मेमरीचा पत्ता २४ बिटांत लिहितात. २४ बिटांत १६ एमबीपुढचा पत्ता बसतच नाही. ३२ एमबीसाठी आरसीपीच नवी आखावी लागली असती.

आणि १६ एमबी घेऊन करायचं काय? कार्ट्रिजमधून माल लगेच येतो, त्यामुळे आगाऊ साठवून ठेवण्याची गरज इतर यंत्रांपेक्षा इथे कमी. मला यात फारसा जीव दिसत नाही.

सीडी ड्राइव्ह असता तर?

या एका प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात.

सीडीच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे भक्कम आहेत. सीडीवर साधारण ६५० एमबी मावायचे, निन्टेंडो ६४ चं सगळ्यात मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं होतं आणि सुरुवातीचं 'सुपर मारिओ ६४' ८ एमबीचं. कार्ट्रिज बनवणं महाग, त्यात ते निन्टेंडोकडेच आगाऊ नोंदवावं लागायचं, म्हणजे खेळ पडला तर माल प्रकाशकाच्या गळ्यात. 'फायनल फँटसी ७' १९९७ मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनला गेला तो याच कारणांनी. प्लेस्टेशन शेवटी १० कोटींवर विकलं गेलं, निन्टेंडो ६४ सुमारे ३.३ कोटींवर थांबला. धंद्याच्या दृष्टीने सीडी हवीच होती, यात मला शंका नाही.

पण खेळ अधिक चांगले दिसले असते का? प्लेस्टेशनचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० केबी वाचायचा. त्या वेगाने ४ एमबी भरायला साडेतेरा सेकंद लागतात. निन्टेंडो ६४ च्या खेळांत दार उघडलं की पलीकडचं जग हजर असायचं, ते कार्ट्रिजमुळे. सीडी असती तर पुढचा भाग आधीच आणून मेमरीत ठेवावा लागला असता, म्हणजे ४ एमबीतली जागा अजून कमी आणि रांगेत आणखी एक भिडू. सीडीबरोबर ८ एमबी मेमरी सुरुवातीपासून दिली असती तरच ते जमलं असतं, आणि मग अमेरिकेतली १९९ डॉलरची किंमत टिकली नसती.

उलट बाजूला 'रेसिडेंट एव्हिल २'. दोन सीडींचा हा खेळ एंजल स्टुडिओजने १९९९ मध्ये एका ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला, चलचित्रांसकट. चित्रं दाबली, आवाज दाबला, पण खेळ पुरा. ते करायला लागलेली अक्कल पाहिली की सीडीवाल्यांशी भांडायला मला नेहमीच बळ येतं.

६४डीडी यशस्वी झाला असता तर?

यंत्राच्या खाली बसणारा हा चुंबकीय डिस्कचा ड्राइव्ह जपानमध्ये डिसेंबर १९९९ मध्ये आला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाला. एकूण नऊ डिस्क निघाल्या, विक्री सुमारे १५ हजारांची. जपानबाहेर तो गेलाच नाही.

डिस्क ६४ एमबीची, त्यातला काही भाग पुन्हा लिहिता येणारा. १९९६ मध्ये ६४ एमबी म्हणजे कुबेराचं धन होतं. १९९९ पर्यंत कार्ट्रिजही तेवढंच झालं होतं, आणि वाचायला कैक पटींनी जलद. उरलं काय, तर लिहिण्याची सोय आणि आतलं घड्याळ. चित्र काढण्याच्या, आकृत्या घडवण्याच्या 'मारिओ आर्टिस्ट' मालिकेला ते उपयोगी पडलं, 'एफ-झीरो एक्स' च्या विस्तारात स्वतःचे रस्ते आखता आले. तीन वर्षं आधी आला असता तर वेगळी गोष्ट. चित्राच्या वेगासाठी मात्र त्यात काहीच नव्हतं.

वेगळी आवाजाची चिप?

हो, चालली असती. आवाज मिसळण्याचं काम आरएसपीच्या वेळातून जातं, आणि तोच वेळ त्रिकोणांचाही असतो. प्लेस्टेशनला आवाजाची वेगळी चिप आणि तिच्याजवळ ५१२ केबी स्वतंत्र मेमरी होती. तेवढं इथे असतं तर प्रत्येक चित्रामागे थोडी सवड मिळाली असती. सुखद, पण क्रांतिकारक नाही.

दोन आरसीपी बसवल्या तर?

दोन स्वयंपाकी आणि शेगडी एकच. पुढचा प्रश्न.

बरं, मग तुम्हाला एकच सुधारणा करायला दिली तर?

आरडीपीच्या जवळ, फक्त त्याच्याच हक्काची ५१२ केबी जलद मेमरी.

३२० × २४० चा रंगाचा बफर १५० केबी, झेड-बफर १५० केबी, मिळून ३००. दोन्ही तिथे ठेवले की वरच्या हिशेबातले सेकंदाला ५५ एमबी मुख्य रांगेतून पूर्ण बाहेर. चित्र तयार झालं की ते एकदाच, सलग, मुख्य मेमरीत लिहायचं. सलग लिहिणं हे तर आरडीरॅमचं आवडतं काम. प्रोसेसर आणि आरएसपीला वाट मोकळी मिळते, आरडीपीला ओळी उघडण्या-मिटण्याचा त्रास उरत नाही. सेकंदाला २० चित्रांवर चालणारा 'ओकारिना ऑफ टाइम' ३० वर गेला असता असं मला वाटतं, आणि तेही प्रोसेसरचा एक मेगाहर्ट्झ न वाढवता.

१९९६ मध्ये ही मेमरी स्वस्त नव्हती, म्हणूनच ती नव्हती. आरडीरॅम निवडण्यामागचं कारणही पैशाचंच: तिच्या वाहिनीत डेटाच्या तारा नऊच, त्यामुळे चिपचे पाय कमी, बोर्ड लहान. नववा बिटही वाया घालवला नव्हता, आरडीपी त्यात कडांची आणि खोलीची जादा माहिती ठेवायचा. खर्चाच्या त्या चौकटीत केलेली निवड हुशारीची होती, असंच मी म्हणेन.

हे तुमचं नुसतं स्वप्नरंजन नाही कशावरून?

गेमक्यूब बघा. निन्टेंडोने २००१ मध्ये आणलेल्या त्या यंत्राची ग्राफिक्स चिप 'फ्लिपर' आर्टएक्स या कंपनीने आखली, आणि ती कंपनी सिलिकॉन ग्राफिक्समधून बाहेर पडलेल्या, निन्टेंडो ६४ वर काम केलेल्या लोकांनी काढली होती. आपल्या पहिल्या यंत्रात काय खुपत होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

फ्लिपरच्या पोटात २ एमबी मेमरी चित्र आणि झेड-बफरसाठी, आणि १ एमबी टेक्स्चरसाठी. म्हणजे ४ केबीवरून थेट १ एमबी. मुख्य मेमरी २४ एमबी, मुद्दाम कमी विलंबाच्या जातीची निवडलेली. प्रोसेसरला २५६ केबीची दुसऱ्या पातळीची कॅशे. निन्टेंडो ६४ च्या तक्रारींची यादी घेऊन बसावं आणि एकेका ओळीवर बरोबरची खूण करत जावी, अशी ती रचना आहे. सोनीनेही २००० मध्ये प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ४ एमबी मेमरी आतच बसवली होती.

हार्डवेअर न बदलता काही साधतं का?

खूप. आरएसपीवर चालणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे मायक्रोकोड, बदलता येतो. बहुतेक कंपन्यांनी निन्टेंडोने दिलेलाच वापरला. फॅक्टर ५ ने 'इंडियाना जोन्स' आणि 'बॅटल फॉर नाबू' साठी स्वतःचा लिहिला. बॉस गेम स्टुडिओजने 'वर्ल्ड ड्रायव्हर चॅम्पियनशिप' मध्ये झेड-बफर सोडून दिला आणि वाचलेल्या वाटेतून एक्सपान्शन पॅकशिवाय वरचं रिझोल्युशन काढलं. वरचा हिशेब आठवा: ८ बाइटांतले ४ झेडचे होते.

आज 'लिबड्रॅगन' हा मुक्त विकाससंच घेऊन हौशी लोक नवे खेळ लिहीत आहेत. लॅम्बर्टने 'पोर्टल' हा २००७ चा खेळ निन्टेंडो ६४ वर बराचसा उभा केला होता. जानेवारी २०२४ मध्ये 'पोर्टल' च्या मूळ कंपनीच्या, व्हॉल्वच्या सांगण्यावरून त्याला तो थांबवावा लागला. काझेच्या कामातून तर एक उलटंच सूत्र दिसतं: कोड वेगवान करण्यापेक्षा आटोपशीर करा, कारण तो कॅशेत मावला की रांगेत जावंच लागत नाही.

या कल्पना घरी करून बघता येतात का?

बऱ्याच अंशी. एम्युलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणकी प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसरचा वेग वाढवता येतो. त्यातला 'पॅरलल-आरडीपी' हा भाग मूळ आरडीपीचं वागणं तंतोतंत ठेवून चित्र चौपट स्वच्छ काढतो. २०२३ पासून 'मिस्टर' या एफपीजीए (आतली जोडणी बदलून जुन्या चिपसारखी वागवता येणारी चिप) यंत्रावर निन्टेंडो ६४ चालतो, आणि २०२५ च्या शेवटी आलेलं अॅनालॉग कंपनीचं 'अॅनालॉग थ्रीडी' खरी कार्ट्रिज घेतं आणि वेग वाढवायची सोयही देतं.

सगळ्यात पुढची वाट म्हणजे पुनर्संकलन. २०२४ मध्ये 'मेजोराज मास्क' चा मशीन कोड संगणकाच्या कोडमध्ये उतरवून तो रुंद पडद्यावर, वाढीव फ्रेमरेटने चालवून दाखवला गेला. मात्र तिथे कन्सोलची बंधनंच उरत नाहीत, त्यामुळे 'हे असतं तर' या खेळातली मजाही थोडी जाते. माझं मत विचाराल तर १२५ मेगाहर्ट्झवर धापा टाकणारं खरं यंत्र बघण्यात जास्त गंमत आहे.

भारतात जुना निन्टेंडो ६४ घेऊन हे प्रयोग करायचे तर काय बघावं?

पहिलं म्हणजे वीज. अमेरिकी यंत्राचा वीजपुरवठ्याचा ठोकळा १२० व्होल्टचा, जपानी १०० चा. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलात तर धूर निघेल. उतरता ट्रान्सफॉर्मर वापरा किंवा युरोपी ठोकळा मिळवा. तो यंत्राच्या मागे सरकवून बसतो आणि आतून ३.३ व १२ व्होल्टच देतो.

दुसरं, युरोपी यंत्र आपल्या विजेला आणि जुन्या पाल (आपल्याकडच्या प्रसारणपद्धतीच्या) टीव्हीला सोयीचं असलं तरी ते ५० हर्ट्झवर चालतं, त्यामुळे बरेच खेळ सुमारे १७ टक्के हळू वाटतात. वेगासाठी धडपडणाऱ्याने ते घेऊ नये. अमेरिकी आणि जपानी कार्ट्रिजमध्ये कुलूप-चिप (दुसऱ्या प्रदेशाचं कार्ट्रिज रोखणारी) सारखीच असते, फरक फक्त मागच्या प्लास्टिकच्या खाचांचा. युरोपी कार्ट्रिजचं कुलूप मात्र वेगळं.

तिसरं, एक्सपान्शन पॅकच्या जागी मूळचा 'जम्पर पॅक' असतो. त्यात मेमरी नाही, पण तो मेमरीच्या वाहिनीचं मोकळं टोक नीट बांधून ठेवतो. दोन्हींपैकी एकही नसेल तर यंत्र सुरू होत नाही. "डेड आहे, पार्ट्ससाठी" म्हणून स्वस्तात विकायला ठेवलेलं यंत्र दिसलं, तर आधी पुढचं झाकण उघडून तिथे काही बसवलेलं आहे का ते बघा.